तक्त्यातला ‘होय’ आणि होस्टवरची परिस्थिती

लेखापरीक्षणासाठी तयार केलेला एक एक्सेल तक्ता आज दुपारी माझ्याकडे तपासायला आला. डावीकडे ईएसएक्सआय होस्टची, म्हणजे व्हीएमवेअरची आभासी यंत्रे चालवणाऱ्या सर्व्हरांची, नावे, उजवीकडे ‘लॉग केंद्रीय सर्व्हरकडे जातात का?’ हा रकाना (लॉग म्हणजे होस्टवरच्या घडामोडींच्या नोंदी) आणि त्यात वरपासून खालपर्यंत एकच उत्तर : होय. पहिल्या घरात लिहिलेला ‘होय’ कोपऱ्याला धरून खाली ओढला आहे, हे कळायला ज्योतिषी लागत नाही, कारण कधीच रॅकमधून काढलेल्या एका होस्टपुढेही ‘होय’ आहे.

ही माहिती माणसाने हाताने भरायची नसते, हे इथल्या मित्रांना मी सांगायला नको. पॉवरसीएलआय या व्हीएमवेअरच्या कमांड-साधनातून व्हीसेंटरला, म्हणजे सगळे होस्ट सांभाळणाऱ्या सर्व्हरला, जोडून घ्यावे, गेट-व्हीएमहोस्टने मिळणारी होस्टची यादी गेट-ॲडव्हान्स्डसेटिंगकडे सोपवावी, ‘सिसलॉग.ग्लोबल.लॉगहोस्ट’ (लॉग कोणत्या सर्व्हरकडे जातात) आणि ‘लॉगडिर’ (होस्टवर कुठे साठतात) ही मूल्ये मागावीत आणि शेवटी निकाल फाइलमध्ये उतरवणारे एक्स्पोर्ट-सीएसव्ही जोडावे. चहा येईपर्यंत प्रत्येक होस्टचे उत्तर त्याच्याच तोंडून मिळते. लॉगहोस्ट रिकामा असेल, तर तो रिकामाच दिसतो.

पूर्वीच्या एका नोकरीत रात्री एक होस्ट गोठला, कन्सोलला दाद देईना, म्हणून ड्यूटीवरच्या माणसाने वीज बंद करून तो पुन्हा सुरू केला. सकाळी आम्ही कारण शोधायला बसलो, तर व्हीएमकर्नलच्या, म्हणजे ईएसएक्सआयच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये रीस्टार्टनंतरच्याच ओळी होत्या. होस्ट एसडी कार्डावरून बूट होत होता, लॉग रॅमडिस्कवर, म्हणजे वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, लिहिले जात होते आणि लॉगहोस्टमध्ये निवृत्त झालेल्या सिसलॉग (लॉग गोळा करणाऱ्या) सर्व्हरचा पत्ता तसाच राहिला होता. तक्त्यात मात्र त्या होस्टपुढे ‘होय’ होते. लॉग टिकाऊ साठवणीवर नाहीत, अशी सूचना होस्ट सांभाळायचा व्हीस्फिअर क्लायंट स्वतःहून देतो. पण ती दाबून टाकायची सोयही तिथेच आहे, आणि ती कुणीतरी इमानेइतबारे वापरली होती.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपायचे आहेत आणि सायबर घटना 6 तासांत कळवायची आहे. ज्या होस्टचे लॉग वीज जाताच नाहीसे होतात, त्याच्या नावापुढे ‘होय’ लिहिणाऱ्याने हे 180 दिवस कुठून आणायचे ठरवले आहे? होस्टवर टिकाऊ डिस्क असली, तरी मूळ मांडणीत एक लॉगफाइल 1024 किलोबाइटची आणि फिरत्या, म्हणजे जुनी पुसून नवी लिहिल्या जाणाऱ्या, फाइली 8. बडबड्या होस्टवर एवढी जागा किती पुरणार?

होस्ट तीनच असतील, तर डोळ्यांनी पाहिलेले चालते, मान्य. सेटिंगचा अहवाल म्हणजे लॉग पोहोचल्याचा पुरावा नव्हे, हेही मान्य. पत्ता अचूक असून फायरवॉलमधला सिसलॉगचा नियम बंद असला, तर बाहेर काहीच जात नाही. पण त्यावरचा उपायही कमांड लाइनवरच आहे. ‘ईएसएक्ससीएलआय सिस्टम सिसलॉग मार्क’ने प्रत्येक होस्टवरून एक खुणेची ओळ पाठवावी आणि ती केंद्रीय सर्व्हरवर शोधावी. त्या गोठलेल्या होस्टवर एवढे कुणी केले असते, तर ओळ न आल्याचे त्याच दिवशी कळले असते.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. तक्ता भरणारा मुलगा नवा आहे. त्याला संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती आणि व्हीसेंटरवर साधा वाचनाचा अधिकारही दिला नव्हता. त्याने दुसरे काय करायचे होते? ज्यांनी त्याच्याकडे ‘होय किंवा नाही’ मागितले, त्यांच्यावरचा राग मात्र कायम आहे.

उद्या मी तो तक्ता परत पाठवणार आहे. ‘होय’चा रकाना काढून लॉगहोस्टचा पत्ता, लॉगडिर, फायरवॉलच्या नियमाची स्थिती आणि केंद्रीय सर्व्हरवर शेवटची ओळ आल्याची वेळ, असे चार रकाने मागणार आहे. ईएसएक्सआय लॉगमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे भारतीय वेळेच्या मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, लिहितो. तेव्हा साडेपाच तास मिळवायचे की नाही, यावरून बैठकीत नेहमीप्रमाणे वाद होईल. तो वाद मी आनंदाने घालीन.