ताज, वॉटसन आणि एम्प्रेस मिल : सूडाच्या गोष्टीचा प्रतिवाद

जमशेदजी टाटांच्या जयंतीच्या सुमारास, म्हणजे ३ मार्चच्या आसपास, नागपुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. त्यातले म्हणणे असे : मुंबईच्या वॉटसन हॉटेलात परदेशी मित्रासोबत गेलेल्या जमशेदजींना ‘फक्त गोऱ्यांसाठी’ म्हणून दारातूनच परत पाठवले गेले, त्याचा सूड म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले आणि तिथे ‘इंग्रज व मांजरे यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावली, नकाशा उलटा वाचल्यामुळे इमारतीचे प्रवेशद्वार मागच्या बाजूला गेले आणि ते पाहून विलायती वास्तुशिल्पकाराने जीव दिला, ताज उघडताच वॉटसनला टाळे लागले. ज्या गावाने जमशेदजींचे काम सव्वाशे वर्षे उशाशी पाहिले, त्या गावातून तरी हा मजकूर न तपासता पुढे जाऊ नये.

वॉटसनमध्ये भारतीयांना प्रवेश नव्हता, एवढे खरे आहे. विलायतेत घडवलेला लोखंडी सांगाडा आणून उभारलेले ते हॉटेल १८७१ मध्ये सुरू झाले आणि ते युरोपियनांसाठीच होते. त्या काळात कितीही धनाढ्य भारतीयाचा असा पाणउतारा होऊ शकत होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु असा अपमान शक्य होता म्हणून तो अमुक माणसाचा झालाच, असे सिद्ध होत नाही. ही गोष्ट सांगणारे साल सांगत नाहीत, सोबतचा परदेशी मित्र कोण ते सांगत नाहीत. काहींच्या तोंडी तर वॉटसनच्या जागी पाइक्स अपोलो हॉटेलचे नाव येते. जमशेदजींचा जन्म १८३९ चा आणि ताजच्या कामाला हात लागला १८९८ च्या सुमारास, म्हणजे ते साठीला टेकले होते तेव्हा. अपमान तरुणपणीचा असेल तर सूड दोनतीन दशके थांबला कसा, आणि उतारवयातला असेल तर फोर्टात एस्प्लनेड हाउससारखा स्वतःचा प्रासाद असलेल्या, मुंबईभर ओळखल्या जाणाऱ्या या गृहस्थाची अशी फजिती झाल्यावर तिचा गवगवा कसा झाला नाही, या दोन्ही प्रश्नांना त्या मजकुरात उत्तर नाही.

शिवाय जमशेदजी इंग्रजांशी भांडले की कसे भांडत, हे आपल्याला माहीत आहे. १८९० च्या दशकात पी. अँड ओ. या ब्रिटिश जहाज कंपनीचे पूर्वेकडील मालवाहतुकीचे भाडे अवाच्या सव्वा वाटले, तेव्हा त्यांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी हातमिळवणी करून स्वतःची टाटा लाइन सुरू केली. पी. अँड ओ.ने दर इतके पाडले की टाटा लाइन बंद करावी लागली. पण तोपर्यंत त्यांनी पत्रके छापली, सरकारदरबारी तक्रारी केल्या आणि भाड्याचे आकडे चव्हाट्यावर मांडले. या माणसाने हॉटेलच्या दारातला अपमान मात्र मुकाट्याने गिळला आणि थेट घुमट उभारून उत्तर दिले, हे त्यांच्या स्वभावाशी जुळत नाही.

मग हॉटेल कशासाठी? याचे उत्तर शोधायला नागपूर ही बरी जागा आहे. जुम्मा तलावाजवळची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केल्याच्या दिवशी, सुरू झाली आणि नावही तिचेच घेऊन. (इंग्रजांवर दात धरून बसलेल्या माणसाने निवडावे असे हे नाव नव्हे, अर्थात याच माणसाने पुढे दुसऱ्या गिरणीचे नाव ‘स्वदेशी’ ठेवले, म्हणून नावांवरून फार ताणू नये.) गिरणी मुंबईत न काढता कापूस पिकतो तिथे काढायची, रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, कापडधंद्याचा गंध नसलेले बेझनजी मेहता व्यवस्थापक म्हणून आणायचे, बाकीचे गिरणीवाले बिचकत होते त्या काळात रिंग चाती (सूत कातण्याची तेव्हाची नवी यंत्ररचना) लावून पाहायची, असा तो कारभार होता. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की सूत तुटते. म्हणून खात्यांत हवा खेळती आणि ओलसर ठेवणारी यंत्रे बसवली, आगीसाठी आपोआप पाणी फवारणारे नळ छताला लावले. कामगारांना निवृत्तिवेतन आणि अपघाताची भरपाई कायद्याने सांगण्याच्या कितीतरी आधी इथे सुरू झाली.

ताजची यंत्रसामग्री याच डोक्यातून निघालेली दिसते. स्वतःची वीज, जर्मनीच्या लिफ्ट, अमेरिकेचे पंखे, बर्फ तयार करणारे यंत्र, यांत्रिक धुलाईखाना, तुर्की पद्धतीची स्नानगृहे, आणि नृत्यशाळेसाठी पॅरिसहून आणलेले लोखंडी खांब. यातले बरेचसे त्यांनी युरोपात फिरून स्वतः निवडले. १८९६ मध्ये प्लेग आल्यापासून मुंबईचे नाव परदेशी प्रवाशांत बदनाम झाले होते आणि शहराला साजेसे हॉटेल नाही, ही ओरड वर्तमानपत्रवाल्यांपासून सगळ्यांची होती. त्याच वर्षांत जमशेदजी विज्ञान संस्थेसाठी आपली मालमत्ता देऊ करत होते आणि पोलादाच्या कारखान्यासाठी चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातले लोखंड तपासवून घेत होते. तो बेत फसल्यावर त्यांचे चिरंजीव दोराबजी टाटांना दुर्ग जिल्ह्यातल्या लोहखनिजाचा माग लागला तो आपल्या अजब बंगल्यातल्या, म्हणजे नागपूरच्या वस्तुसंग्रहालयातल्या, भूगर्भनकाशावर, हे इथल्या कितीजणांना ठाऊक असते कोण जाणे. हॉटेल हे या मालिकेतले एक काम होते. विज्ञान संस्था, पोलाद आणि आता भटारखाना का, असे म्हणून त्यांच्या बहिणीने त्यांना टोकल्याची आठवण सांगितली जाते. घराण्याच्या अब्रूचा सूड उगवला जात असता तर घरच्यांचा सूर असा नसता.

उलट्या इमारतीची कथा मात्र निखालस खोटी आहे आणि मला ती सर्वांत जास्त खुपते. ताजचा मूळ आराखडा कोणा साहेबाचा नव्हे, सीताराम खंडेराव वैद्य यांचा; त्यांच्यासोबत डी. एन. मिर्झा होते. वैद्यांनी व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कामावर साहाय्यक अभियंता म्हणून काम केले होते. ताजचे काम चालू असतानाच, १९०० मध्ये, ते आजारपणाने वारले; पूर्ण झालेली इमारत त्यांनी पाहिलीच नाही. पुढचे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी तडीस नेले, तर मधला प्रसिद्ध जिना खानसाहेब सोराबजी रतनजी कंत्राटदार यांच्या हातचा. प्रवेशद्वार शहराच्या बाजूला, म्हणजे आज जलतरण तलाव आहे तिकडे, ठरवूनच ठेवले होते. घोडागाड्या शहरातून येत आणि खोल्यांची तोंडे समुद्राकडे असत. आज समोर गेटवे दिसते म्हणून ती बाजू आपल्याला ‘दर्शनी’ वाटते, पण ताज उघडले १६ डिसेंबर १९०३ रोजी आणि गेटवेचे उद्घाटन झाले ४ डिसेंबर १९२४ ला. एका मराठी माणसाचे काम त्याच्या नावासकट पुसून तिथे आत्महत्या करणारा काल्पनिक साहेब बसवायचा आणि वर तो मजकूर स्वाभिमानाच्या नावाने वाटायचा, याला काय म्हणावे?

मांजरांच्या पाटीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ज्या हॉटेलने विलायती खानसामे नेमले आणि बोटीने उतरणाऱ्या युरोपियन प्रवाशांवर धंदा उभा केला, ते इंग्रजांना दार कसे बंद करील? ताजचे वेगळेपण उलट होते : तिथे भारतीय आणि युरोपियन दोघांनाही जागा होती.

राहिला वॉटसनच्या टाळ्याचा मुद्दा. ताजमुळे त्याची गिऱ्हाइके कमी झाली, हे मान्य. पण हॉटेल म्हणून ते बंद पडले १९६० च्या दशकात, म्हणजे जमशेदजींच्या मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनी. त्याचा तो लोखंडी सांगाडा काळा घोडा भागात एस्प्लनेड मॅन्शन या नावाने, जीर्ण होऊन का होईना, अजून उभा आहे.