धुराचा पत्ता

माझा भाचा टेक्सासात संगणकाचे काम करतो आणि सुटीच्या दिवशी मांसाला धुरी देतो. गेल्या दिवाळीनंतर तो गावी आला तेव्हा त्याने आईसाठी शाल, मुलांसाठी चॉकलेटे आणि माझ्यासाठी एक काळा डबा आणला. डबा जेवणाच्या डब्याएवढाच होता. एका बाजूने दोन लांब वायरी निघाल्या होत्या आणि त्यांच्या टोकांना दाभणासारख्या पोलादी सळया होत्या. दुसऱ्या बाजूला तळहातावर मावेल असा पंखा होता, आणि मागे टेलिफोनच्या खाचेसारखी पण तिच्याहून जरा रुंद अशी एक खाच होती. डब्याला पडदा नव्हता, काटा नव्हता, आकडा नव्हता. नुसता एक हिरवा दिवा होता. भाच्याने स्वतःसाठी नवा, बिनतारी डबा घेतला होता, म्हणून दहा वर्षे राबलेला हा जुना डबा मामाच्या वाट्याला आला होता.

तिकडे मांसाचा मोठा तुकडा झाकणबंद भट्टीत, लाकडाच्या धुरात, २२५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या १०७ अंशांवर, बारा-बारा तास ठेवतात, आणि तेवढा वेळ निखाऱ्यावर नजर ठेवावी लागू नये, माणसाला रात्री निवांत झोपता यावे, यासाठीच हा डबा बनवलेला आहे, असे त्याने मला समजावून सांगितले. मी पतपेढीत एकतीस वर्षे नोकरी केली असल्यामुळे झोपण्यासाठी मला यंत्राची गरज कधी भासली नव्हती. परंतु दिलेली वस्तू वापरली नाही तर भाच्याला वाईट वाटेल, या विचाराने मी जानेवारीतल्या भरीत पार्टीचा मुहूर्त धरला. आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “धुरी बाळंतिणीला देतात, बोकडाला नाही.” मग १०७ चा आकडा तिच्या लक्षात आला. “वैशाखात पंचेचाळीसला आपण भाजून निघतो. मग एवढी घाई कशाला? वैशाखातच ठेव त्याला.”

अमळनेरच्या एका वेल्डिंगवाल्याने खाद्यतेलाच्या दोनशे लिटरच्या पिंपाची भट्टी करून दिली. (त्याच्याकडे फवारणीच्या औषधाचे पिंप निम्म्या किमतीत होते, ते मी घेतले नाही, एवढे शहाणपण त्या साऱ्या प्रकरणात माझ्या नावावर जमा आहे.) लाकडाचा प्रश्न मात्र अवघड वाटत होता, कारण भाच्याने ‘मेस्किट’ नावाच्या लाकडाचा आग्रह धरला होता. शोध घेतल्यावर कळले की आपल्या पाटचाऱ्यांच्या कडेने माजलेली, काट्यांनी ट्रॅक्टरची चाके फोडणारी वेडी बाभूळ ही त्याच मेस्किटची सख्खी बहीण आहे. जे लाकूड तिकडे पिशवीत भरून विकतात ते आमचा सालदार, म्हणजे सालाने बांधलेला शेतगडी, दर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवा करार करताना ‘बांधावरची वेडी बाभूळ मी तोडणार नाही’ अशी अट घालून टाळत आला आहे.

डबा चालतो कसा, हे मी भाच्याकडून दोनदा समजून घेतले. एक सळई भट्टीतल्या जाळीवर अडकवायची, दुसरी मांसात खुपसायची. भट्टी थंड पडू लागली की डबा पंखा फिरवून निखाऱ्याला वारा देतो, तापू लागली की पंखा थांबवतो. किती फिरवायचा, हे ठरवण्याच्या पद्धतीला पीआयडी म्हणतात आणि तिचे गणित १९२२ साली मिनोर्स्की नावाच्या अभियंत्याने जहाजाच्या सुकाणूसाठी मांडले होते. तिच्यात तीन हिशेब एकत्र चालतात, आणि ते तिन्ही मला पतपेढीमुळे चटकन समजले. पहिला फक्त आत्ताचा फरक पाहतो. तो आमचा रोखपाल. दुसरा मागची सगळी थकबाकी जमवत बसतो आणि ती फिटेपर्यंत गप्प राहत नाही. तो वसुली अधिकारी. तिसरा आज काय आहे याकडे न पाहता वारा कोणत्या दिशेला वळतो आहे तेवढेच पाहतो. ते संचालक मंडळ. तिघांचे एकमत झाले की भट्टीचे तापमान दोन-चार अंशांच्या आत राहते. पतपेढीत ते एकदाही झाले नाही.

आकडे पाहायचे तर मागच्या खाचेत केबल घालून डबा संगणकाला जोडायचा होता. माझा लॅपटॉप इतका सडपातळ निघाला की त्याला ती खाचच नव्हती. त्यामुळे घरातला जुना, टेबलावरचा संगणक, त्याचे टेबल, खुर्ची, यूपीएस आणि उंदीर अशी सगळी वरात रविवारी सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून शेतातल्या खळ्यावर न्यावी लागली. संगणक आणि तेल-तुपाचे नाते आमच्या तालुक्याला नवे नाही. अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा जो कारखाना निघाला त्याचीच पुढे विप्रो झाली, आणि त्याचे शेअर जपून ठेवणाऱ्यांची घरे गावात अजून बोट दाखवून सांगतात. आमच्या आजोबांनी त्या सुमारास म्हैस घेतली. म्हैस चांगली होती.

“आप्पा, हाई काय शे?” सालदाराने विचारले. मी सांगितले. त्याने भट्टीकडे पाहिले, संगणकाकडे पाहिले आणि काही न बोलता काड्या गोळा करायला निघून गेला.

अकरा वाजता निखारे पेटले, बारा वाजता काळ्या मसाल्यात रात्रभर मुरलेली बोकडाची अख्खी मांडी जाळीवर चढली, सळई खुपसली गेली, पंखा घुं घुं करू लागला, आणि मी केबल जोडून खुर्चीवर बसलो. पडद्यावर काहीच आले नाही. टेक्सासात तेव्हा शनिवारच्या रात्रीचे साडेबारा वाजले होते. भाचा जागा होता, पण फार काळ राहणार नव्हता. त्याने माझ्या संगणकाचा पत्ता विचारला. मी गाव, तालुका, जिल्हा सांगू लागलो तेव्हा त्याने मला थांबवले आणि आकड्यांचा पत्ता कुठे दिसतो ते सांगितले. तो १६९.२५४ ने सुरू होत होता.

“मामा, हा पत्ता नाही, अनाथाश्रम आहे,” भाचा म्हणाला. संगणकाला पत्ता वाटून देणारे कोणी भेटले नाही की तो स्वतःच स्वतःला असा पत्ता लावून घेतो. घरी ते वाटपाचे काम राऊटर करतो, आणि इथे राऊटर नव्हता, नुसती केबल होती. डब्याचा पत्ता मात्र भाच्याने पूर्वीच कायमचा ठरवून दिला होता आणि तो १९२.१६८.१ ने सुरू होत होता. “दोघांची गल्ली एक पाहिजे आणि घर नंबर वेगळा पाहिजे. गल्ली वेगळी असली की शेजारी बसूनही हाक ऐकू जात नाही.” ही अडचण भाऊबंदकीत मी पुष्कळ पाहिलेली होती, त्यामुळे तत्त्व समजायला वेळ लागला नाही, तो आकडा कोणत्या खिडकीच्या आतल्या कोणत्या खिडकीत भरायचा, हे सापडायला मात्र दीड तास लागला. पहिल्या खेपेला मी घर नंबरही तोच दिला, आणि एका घरावर दोघांनी हक्क सांगितल्यावर जे होते ते झाले. अखेर पान उघडले. भट्टी : २२६. मांस : ९७. खाली एक लाल रेघ आणि एक निळी रेघ. सळई खुपसल्यापासूनचे सगळे आकडे डब्याने आपल्या पोटात जपून ठेवले होते आणि पान उघडताच ते रेघेच्या रूपाने मांडून दाखवले होते. मी खुर्चीत मागे रेललो.

तेवढ्यात खळ्याच्या कुडापाशी खाकरल्याचा आवाज आला. शेजारच्या मळ्यातले दोन गृहस्थ आधार कार्ड हातात घेऊन उभे होते. खळ्यावर संगणक लागला आहे ही बातमी शिवारात पोहोचली होती आणि संगणक म्हणजे ई-केवायसी हे कोणी निराळे सांगण्याची गरज नव्हती. एकाचा शेतकरी सन्मान निधीचा दोन हजारांचा हप्ता अडकला होता, दुसऱ्याला ई-पीक पाहणीत कापसाच्या जागी केळी लागली होती. हा संगणक फक्त बोकडाच्या मांडीला जोडलेला आहे, हे मी दोघांना नम्रपणे सांगितले. त्यांनी पडद्यावरच्या रेघा पाहिल्या, एकमेकांकडे पाहिले आणि ‘सर्व्हर डाऊन शे’ असा समजूतदार निष्कर्ष काढून ते बाजूला बसले. चार वाजेपर्यंत तिथे सात जण झाले. त्यांना चहा दिला.

चारच्या पुढे निळी रेघ आडवी झाली. मांस १५४ वर आले आणि थांबले, म्हणजे आपल्या मोजमापाने साधारण ६८ अंशांवर. भट्टी २२५ वर अचल होती, पंखा फिरत होता, धूर निघत होता, आणि मांस एक अंशही पुढे सरकायला तयार नव्हते. पाच वाजता मी भाच्याला उठवले.

“मामा, इथे पहाटेचे साडेपाच वाजलेत.”

“तुझा डबा बंद पडला आहे.”

“डबा ठीक आहे. मांसाला घाम फुटलाय.”

मग त्याने सांगितले ते ऐकून मला शरमल्यासारखे झाले, कारण तो नियम मी उभा जन्म वापरत आलो होतो. ओल्या माठातून पाणी झिरपते, त्याची वाफ होताना ती माठातली ऊब घेऊन जाते आणि म्हणून आपल्याला वैशाखात गार पाणी मिळते. तसेच मांसातले पाणी वर येऊन उडत राहते आणि भट्टी जेवढी ऊब देते तेवढी ते घेऊन जाते. हे दोन-दोन, चार-चार तास चालू शकते. उपाय एवढाच की मांस गुंडाळून टाकायचे, म्हणजे घाम सुकायला वाव राहत नाही. तिकडे त्यासाठी जाड कागद वापरतात. जळगाव जिल्ह्यात केळीचे पान असताना कागदाचा विचार करणे म्हणजे पाप; सालदाराने शेजारच्या बागेतून चार पाने आणली, मांडी गुंडाळली, सुतळीने बांधली, आणि अर्ध्या तासात निळी रेघ पुन्हा चढू लागली.

साडेसहाला वीज गेली. शेतीच्या विजेची दिवसाची आणि रात्रीची पाळी बदलते, हे मला कळत नव्हते असे नाही. ती त्याच दिवशी बदलते, हे मात्र मी विसरलो होतो. यूपीएसने किंचाळायला सुरुवात केली, बारा मिनिटे किंचाळून तो गप्प झाला, आणि पडदा काळा पडला. मी पंख्याला कान लावला. पंखा सावकाश फिरत होता, कारण डबा मी ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर लावला होता आणि त्याला विजेच्या जाण्या-येण्याचे काही देणे-घेणे नव्हते. हे मला त्या क्षणी दिसत होते, ऐकू येत होते आणि तरीही पटत नव्हते. दिवसभर आकडे पाहायची सवय लागलेल्या माणसाला आकडा दिसेनासा झाला की आगही विझल्यासारखी वाटते. मी झाकण उघडून पाहिले. आत सगळे ठीक होते. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिले.

झाकण उघडले की ऊब पळते आणि निखाऱ्याला भरपूर वारा मिळतो. झाकण लावले की डबा हिशेब करून पंखा जोरात फिरवतो. आधीच फुललेला निखारा आणखी फुलतो आणि तापमान डोक्यावरून जाते. डब्याला पंखा थांबवता येतो, पण घातलेला वारा परत शोषून घेता येत नाही. त्यातच माझ्या उघडझापीने झाकणाची कडा वाकडी झाली आणि फटीतून फुकटचा वारा जाऊ लागला. पंखा थांबला तरी भट्टी धगधगत राहिली. सालदार कंदील घेऊन आला, माझ्या हातातून झाकण घेतले, ते बसवले आणि कडेने ओल्या काळ्या मातीचा बोटभर जाड थर लिंपून टाकला. “आते उघाडू नका,” एवढेच म्हणाला. उघडणे आता शक्यच नव्हते.

पाहुणे आले होते आणि त्यांना भूक लागली होती. आईने खळ्याच्या दुसऱ्या टोकाला कपाशीच्या काड्यांचा जाळ केला, त्यात हिरवीगार, हातभर लांब वांगी टाकली आणि ती पलटवू लागली. तिथे सळई नव्हती. देठापाशी दाबून पाहायचे, तिथे मऊ लागले की वांगे झाले. वांगी सोलली गेली, मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून लाकडी भांड्यात ठेचली गेली आणि नऊपर्यंत कळण्याच्या पुऱ्यांबरोबर फस्त झाली. आधार कार्डवाले सातही जण पंगतीला होते.

पावणेदहाला वीज आली आणि मी पंगत सोडून संगणकाकडे धावलो. पान उघडले. भट्टी २२४. मांस १९९. तीन तास माझ्याशी संबंध तोडून डब्याने आपले काम बिनबोभाट केले होते, आणि तेवढ्या काळाची लाल रेघ पडद्यावर हजर होती. साडेसहापर्यंत ती दोरीवर टांगलेल्या धोतरासारखी सरळ होती. तिथून पुढे करवतीचे दात होते, एकेक दात म्हणजे एकेक उघडलेले झाकण, आणि मातीचा थर बसल्यापासून पुन्हा सरळ. मी दात मोजले. अकरा होते. भाच्याला त्या रेघेचा फोटो पाठवायचे ठरलेले होते. मी मांसाचा पाठवला.

साडेदहाला माती फोडून मांडी बाहेर काढली. हाड हाताने ओढले तर नुसतेच हातात आले. पाहुण्यांची पोटे भरलेली होती, तरी अकरा वाजता थंडीत शेकोटीभोवती बसून प्रत्येकाने ते खाल्ले आणि केळीच्या पानाच्या वासाबद्दल बोलल्यावाचून कोणी राहिले नाही. आईने एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि विचारले, “तो पंखा चुलीला लागेल का रे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणक घरी न्यायला ट्रॉली घेऊन खळ्यावर गेलो तेव्हा कुडाबाहेर नऊ जण आधार कार्ड घेऊन बसले होते, आणि सालदार त्यांना नंबर वाटत होता.