चांगली सुरी टिकवण्याचे घरगुती उपाय

अभिनंदन! साडेआठ हजार रुपये मोजून तुम्ही जपानी सुरी घेतलीत. 210 मिलिमीटरचं पातं, वजन जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम. पिकल्या टोमॅटोवर टेकवून नुसती मागे ओढली की साल न दबता आत शिरते. हे तुम्ही घरातल्या झाडून सगळ्यांना ओट्यापाशी बोलावून दाखवलंत, वर किंमतही सांगितलीत. खरी सांगितली असेल तर आठवडाभर बोलणी खाल. "सेलमध्ये आठशेला मिळाली" असं सांगितलं असेल तर त्याहून वाईट, कारण आठशेच्या सुरीला कोण जपतं?

आता घराला कळलंय की दुसऱ्या खणात एक सुरी आहे आणि ती "काय मस्त कापते". आपल्याकडे मस्त कापणारी वस्तू भाजीपुरती कधीच राहत नाही. दुधाची पिशवी, कुरियरचा खोका, सुतळीची गाठ, कुंडीतला कढीपत्ता, बाबांच्या चपलेचा सुटलेला पट्टा, ही सगळी कामं इतके दिवस केवळ बोथट सुऱ्यांमुळे रखडली होती. तुमच्या सुरीची घरात सगळे वाट बघत होते, फक्त तुम्हाला कल्पना नव्हती.

सुरुवात प्रबोधनानं करा. घरातल्यांची शंका एकच असते, "स्टीलचीच आहे ना? मग काय होतंय तिला?" त्यांना समोर बसवून सांगा की पोलादाचा कठीणपणा रॉकवेल नावाच्या मापात मोजतात. जर्मन सुऱ्या साधारण 56 ते 58 वर असतात, जपानी 60 ते 63 वर. कठीण पोलाद धार जास्त दिवस धरतं आणि ती बारीक कोनात काढता येते: एकेका बाजूला 15 अंश, जर्मन सुरीला 20 च्या आसपास. पण जितकं कठीण तितकं ठिसूळ. मऊ सुरीची धार दुमडते, कठीण सुरीची उडते. दुमडलेली सरळ करता येते. उडालेली जागा भरून येत नाही, बाकीचं पातं घासून तिच्या पातळीला आणावं लागतं. एवढं सगळं मालिकेतल्या जाहिराती संपायच्या आत उरका. शेवटी सासूबाई विचारतील, "म्हणजे ही आपल्या साध्या सुरीपेक्षा नाजूक? मग महाग कशाला?" याला उत्तर नाही. तयारी करून गेलात तरी नाही.

मग येतो चॉपिंग बोर्ड. तुम्ही जाड लाकडी बोर्ड आणाल. तो धुऊन उभा करून वाळवावा लागतो, म्हणून तो कायम "ओला आहे", आणि कांदा चिरला जाईल स्टीलच्या ताटात. ताटाचं पोलाद तुमच्या सुरीपेक्षा मऊ असतं हे खरं. पण चांगल्या धारेची कड एखाद्या मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या साठ-सत्तर पट बारीक, आणि ती दर वाराला ताटावर आदळते. ओट्याचा ग्रॅनाइट त्याहून गुणी. त्यात क्वार्ट्झ असतं आणि ते सुरीच्या पोलादापेक्षाही कठीण. थेट ओट्यावर दहा मिरच्या चिरल्या की काम तमाम. फळांची चित्रं असलेला काचेचा बोर्ड कुणी वास्तुशांतीला दिला असेल तर त्यावर गरम पातेलं ठेवत जा. पोळपाटही लाकडीच असतो, म्हणून तो सुचवायचा मोह होईल. सुचवू नका. सुरी वाचेल, पण दुसऱ्या दिवशी पोळ्यांना लसणाचा वास येईल आणि मग सुरी हा विषयच गौण ठरेल.

बोर्डवरची चिरलेली भाजी पातेल्यात लोटताना प्रत्येक जण धारेनंच खरवडतो. "उलटी कर, पाठीनं लोट" हे वाक्य दिवसातून चारदा म्हणायची सवय ठेवा. महिन्याभरात घरातली लहान मुलं तुमची नक्कल करताना तेच म्हणतील, आणि लोटतील मात्र धारेनंच.

पण खरी परीक्षा लाल भोपळ्याची. साल टणक, गर घट्ट. सुरी निम्मी आत गेली की दोन्ही बाजूंनी आवळली जाते. अशा वेळी ती आली तशी सरळ मागे ओढून काढायची असते. आपली माणसं तसं करत नाहीत. ती मूठ दोन्ही हातांनी धरतात आणि डावी-उजवीकडे हलवतात, खांब उपटायचा असल्यासारखी. एक बारीकसा "टिक्" आवाज येतो, तो फक्त तुम्हाला ऐकू येतो. मग सुरी ट्यूबलाइटखाली न्या आणि धार वर करून धरा. उत्तम धार दिसतच नाही, कारण उजेड परतून यायला तिथे सपाट जागाच नसते. जिथे चकाकणारा ठिपका दिसेल तिथे धार गेली. भोपळ्यानंतर असे तीन-चार ठिपके ओळीनं दिसतील, आणि त्यांच्यामध्ये एक छोटीशी अर्धगोल खाच, तिच्यावरून नख फिरवलं तर अडकेल. उडालेला कण कुठे गेला हे विचारू नका. घारगे छान झाले होते, एवढंच म्हणा.

गोठलेलं मटण, आंब्याची कोय, कोंबडीचं हाड यांचीही गत तीच. नारळ मात्र वेगळा. तो फोडणारे "धारेनं नाही, पाठीनं फोडतोय" असं तुम्हालाच समजावून सांगतात. धारेला खरंच काही होत नाही. प्रत्येक ठोक्याचा हादरा मुठीच्या सांध्यात जातो आणि काही नारळांनी पातं लाकडी मुठीत खुळखुळायला लागतं.

आता भोकांचं काम. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात पुदिना लावायचा असतो, तळाला पाण्यासाठी भोकं हवी असतात. सुरीचं टोक गॅसवर धरलं की ते प्लास्टिकमध्ये लोण्यासारखं जातं, हा शोध प्रत्येक घरात स्वतंत्रपणे लागलेला आहे. कठीण सुरीला पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्यावर, पुन्हा 150 ते 200 अंश सेल्सिअसपर्यंतच तापवलेलं असतं, तिचा कठीणपणा त्यावर टिकून असतो. ज्वालेवर टोक ही मर्यादा काही सेकंदांत ओलांडतं. टोक आधी गवती पिवळं होतं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि 300 अंशांच्या आसपास मोरपिशी निळं. दिसायला फार सुंदर. निळं झालं की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, अगदी शब्दशः. पुढे तिथे कितीही धार काढा, दोन टोमॅटोंत ती मुकी होते. यावर उपाय म्हणून ओट्याच्या खणात एक जुना स्क्रू ड्रायव्हर ठेवा आणि भोकं पाडायला तो वापरायला सांगा. कुणी वापरणार नाही. स्क्रू ड्रायव्हर गॅसवर धरला तर खराब होतो, असं तुम्हालाच ऐकवतील.

भांडी घासायला येणाऱ्या मावशी या सगळ्यांत जास्त मनापासून काम करतात, म्हणून त्यांच्यापासून धोकाही जास्त. समजा, हौसेनं तुम्ही स्टेनलेस सोडून साध्या कार्बन पोलादाची सुरी घेतलीत. स्टेनलेस म्हणवून घ्यायला पोलादात किमान साडेदहा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम लागतं. हिच्यात ते जवळजवळ नसतंच. कांदे-बटाटे चिरून, लगेच धुऊन, लगेच कोरडी करून तीन आठवड्यांत तुम्ही तिच्यावर राखाडी-निळसर थर चढवता. तो थर म्हणजे तिचं कवच, तांबड्या गंजाला तो बराचसा दूर ठेवतो. एका सकाळी मावशी तारेच्या घासणीनं तो मिनिटभरात काढतात आणि कौतुकानं दाखवतात, "केवढी काळी पडली होती, बघा कशी चकचकीत केली!" यावर थँक्यू म्हणायचं. मावशी टिकवणं सुरी टिकवण्यापेक्षा अवघड आहे.

त्याच दिवशी दुपारी कुणीतरी लिंबू कापून ती तशीच ओट्यावर ठेवेल. जेवण उरकेपर्यंत नारिंगी ठिपके हजर. कैरी, चिंच, कोकम, सगळ्यांचा गुण तोच; कोकणातल्या पावसाळ्यात तर आंबटाचीही गरज नाही, एका रात्रीची दमट हवा पुरते. ठेवताना पात्याला तेलाचं बोट फिरवावं, पण शेंगदाण्याचं नको, काही आठवड्यांत त्याचा चिकटा होतो. केमिस्टकडे मिळणारं पातळ पॅराफिन उत्तम; खोबरेलही चालतं, फक्त थंडीत थिजतं. पॅराफिनची बाटली स्वयंपाकघरात ठेवू नका, बद्धकोष्ठावरचं औषध म्हणून ती संपेल.

सणावारांचाही हिशेब ठेवावा लागतो. खंडेनवमीला सुरी पाटावर मांडतात, ओलं हळदकुंकू लावतात, वर झेंडूचं ताजं फूल ठेवतात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिला हात लावायचा नाही असं बजावतात. वर्षभरात हा एकच दिवस असा की सुरीला कुणी हात लावत नाही, आणि कार्बनची सुरी त्याच दिवशी सगळ्यात जास्त गंजते: फुलाच्या देठाखाली बरोबर गोल डाग. त्यामानानं ग्रहण बरं. वेध पाळणाऱ्या घरात तेवढा वेळ चिरणं-कापणं बंद असतं. पंचांग उघडून पुढची ग्रहणं बघून ठेवा, पण आपल्याकडे न दिसणारं ग्रहण कुणी पाळत नाही, तेव्हा फार आशा नको.

ऑफिसच्या पँट्रीत चांगली सुरी नेणाऱ्याला सल्ला देण्यात अर्थ नाही. तिथे वाढदिवसाचा केक पुठ्ठ्याच्या तळासकट कापतात आणि मग त्याच सुरीनं प्रिंटरच्या खोक्याची टेप काढतात. रूममेट असतील तर सुरी पलंगाखालच्या सुटकेसमध्ये.

घरासाठी मात्र जुना, खात्रीचा उपाय आहे: बळीची सुरी. दोनशे रुपयांची, पोपटी मुठीची, ओट्यावर हाताशी येईल अशी ठेवायची. चांगलीला पुठ्ठ्याचं म्यान करा. पात्याच्या लांबीपेक्षा दोन सेंटिमीटर लांब आणि रुंदीच्या दुपटीपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त असा तुकडा कापायचा, मधोमध दुमडायचा. घडी पाठीच्या बाजूला यायला हवी; धार घडीत गेली तर म्यान आठवड्यात फाटतं. उघड्या कडेला आतून पुठ्ठ्याची सेंटिमीटरभर पट्टी चिकटवून मग टेप लावा. हे म्यान मिक्सर, मायक्रोवेव्हच्या वॉरंटी कार्डांच्या डब्यात ठेवा. तो डबा कोणत्याही घरात कुणीही उघडत नाही.

ही युक्ती फसते ती एकाच कारणानं. पोपटी सुरी बोथट झाली की शोधाशोध सुरू होते, आणि मग वॉरंटी कार्डंही सापडतात. म्हणजे तुमची सुरी वाचवायची तर त्यांच्या सुरीला दर पंधरा दिवसांनी तुम्हीच धार लावायची. आणि त्या धारेनं कुणाचं बोट कापलं तर "तुझ्या त्या सुरीनं" म्हणायला घर मोकळं.

धारवाल्यापासून लांब राहा. तो वाईट माणूस नाही, त्याचं चाक वाईट. सायकलवरच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात, बारीक धार तापते, आणि मघाचा तो निळा रंग सबंध कडेला उमटतो. तुम्ही कामावर असताना आई कात्री, विळी आणि "तुझीपण" देऊन मोकळ्या होतील, तिन्ही मिळून शंभर रुपयांत. मेव्हण्यानं भेट दिलेलं खाचेतून सुरी ओढायचं यंत्रही त्याच लायकीचं. ते धार काढत नाही, पातं किसतं.

नुकसान झालंच तर धार लावायचे दगड काढा; आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. खाच असेल तर आधी 220 किंवा 400 चा, मग 1000, शेवटी 3000 च्या पुढचा. साधा भिजवायचा दगड असेल तर पाण्यातले बुडबुडे थांबेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं, बुडवून ठेवा. 45 मिलिमीटर रुंद पात्याला 15 अंशांसाठी पाठ दगडापासून साधारण 12 मिलिमीटर वर, करंगळीच्या जाडीएवढी. दुसऱ्या बाजूला टोकापासून मुठीपर्यंत अंगठ्याला सलग खरखर लागेपर्यंत एकच बाजू घासायची, मग उलटायची. भोपळ्याच्या एका खाचेला तासभर सहज जातो. मधूनमधून कुणीतरी डोकावून विचारेल, "एवढ्यात भाजी चिरून झाली असती की नाही?"

हे सगळं निष्ठेनं केलंत तर वर्षभरात यश येईल. तुमच्या सुरीला घरात कुणी शिवणार नाही. मग भाद्रपदात गौरी येतील, सोळा भाज्यांची पिशवी ओट्यावर रिकामी होईल, आणि आई म्हणतील, "चांगली सुरी तुझी, तूच चीर. आम्हाला नाही बाबा जमत ते पाठीनं लोटणं." भेंडी, गवार, पडवळ, दोडका, घेवडा, सुरण, तुम्ही पंधरा भाज्या कागदासारख्या चिराल, आणि सोळावा येईल लाल भोपळा, अख्खा. तुमचा नियम तुम्हीच मोडायचा नाही, म्हणून सुरी पुसून ओट्यावर ठेवाल. आई पायानं विळी पुढे सरकवतील. विळीचं पातं पाटाला ठोकलेलं असतं, ते पिरगाळायची सोयच नाही, फिरतो तो भोपळा. ज्यांचा हात त्यावर बसलाय ते तुमची सुरी तशी का हलवतात, हे तिथे बसल्यावर कळेल. बसता आलं तर. एक पाय पाटावर, दुसरा मुडपून, भोपळा पोटाशी. तुम्ही गुडघ्याशी झटत असताना ओट्याकडून नारळ ठोकल्याचा आवाज येईल. मान वर करू नका.