7 आयर्न, 150 यार्ड आणि तुमचे दोन आक्षेप

नमस्कार. तुमचं म्हणणं असं: माझ्या गोल्फवरच्या लेखातल्या तक्त्यात 7 आयर्न या क्लबपुढे (गोल्फच्या काठीपुढे) 150 यार्ड लिहिलंय, तुमचा बॉल मात्र 135 वर पडतो. शिवाय ‘शंका आली तर एक क्लब मोठा घ्या’ (म्हणजे जास्त लांब मारणारा, लहान नंबरचा) हा त्यातला सल्ला ऐकला की बॉल ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या मागे जातो.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. तो आकडा लॉफ्ट, म्हणजे क्लबफेसचा (क्लबच्या बॉलला लागणाऱ्या बाजूचा) मागे झुकलेला कोन, न सांगता द्यायलाच नको होता. क्लबच्या तळावरचा नंबर म्हणजे अंतर नव्हे. जुन्या घडणीच्या संचात 7 आयर्नचा लॉफ्ट 34 अंशांच्या आसपास असतो, हल्लीच्या काही संचांत 28-29. म्हणजे एकाचा 7 हा दुसऱ्याचा जवळपास 6, कधीकधी 5 सुद्धा. तेव्हा तक्ता स्वतःचाच करा. प्रत्येक क्लबने 15 बॉल मारा, सगळ्यात लांब गेलेले दोन आणि साफ फसलेले तीन सोडून द्या, उरलेल्या दहांची सरासरी घ्या. मोजायची ती कॅरी, म्हणजे बॉल पहिल्यांदा टेकला तिथपर्यंतचं अंतर. बंकर (वाळूचा खड्डा) ओलांडायला तीच लागते, पुढचं घरंगळणं तिथे उपयोगी पडत नाही. सरावाच्या रेंजवरचे झिजलेले बॉल बहुधा कमी जातात, त्यामुळे तिथून दोन क्लबांमधला फरक घ्या आणि मूळ आकडा आपल्या नेहमीच्या बॉलने तपासा.

आता दुसरा आक्षेप. इथे मी सल्ल्यावर ठाम आहे, पण तो कुठे लागू नाही हे लिहायचं राहिलं. सगळ्यात फसवी जागा म्हणजे हलका रफ, म्हणजे कडेचं थोडं वाढलेलं गवत. बॉल अर्धा गवतात बसलेला असतो. फटक्याच्या क्षणी क्लबफेस आणि बॉल यांच्यामध्ये गवत चेपलं जातं, क्लबफेसवरच्या खाचांना पकड मिळत नाही, स्पिन (बॉलचं उलटं फिरणं) कमी होतो. असा बॉल नेहमीपेक्षा लांब जातो आणि पडल्यावर थांबत नाही. तिथे क्लब मोठा नाही, एक लहान घ्यायचा. दाट, ओल्या रफमध्ये मात्र उलट: गवत क्लबचा वेगच खातं, अंतर घटतं.

क्लब निवडताना बघायची दुसरी गोष्ट म्हणजे वारा. समोरून ताशी 10 मैलांचा वारा असेल तर साधारण 10 टक्के धरा: 140 यार्डांचा फटका 154 चा समजून खेळा. मागून तेवढाच वारा असेल तर फायदा त्याच्या निम्मा, जेमतेम 7 यार्ड. समोरच्या वाऱ्यात जोर लावू नका. जोराने स्पिन वाढतो, बॉल वर चढतो आणि तिथेच लटकतो. मोठा क्लब, शांत स्विंग.

आणि झेंडा ग्रीनच्या आपल्याकडच्या कडेजवळ असताना ग्रीनच्या मध्याचं अंतर तर धरत नाही ना, तेही बघा. 30 यार्ड खोल ग्रीनवर एवढ्यानेच एका क्लबाचा फरक पडतो.

जमल्यास पिचिंग आणि सँड वेजचे (जवळच्या, उंच फटक्यांसाठीच्या जास्त लॉफ्टच्या क्लबांचे) लॉफ्ट कळवा. 44 आणि 56 असतील तर मध्ये 12 अंशांची पोकळी आहे, तिथे 50 चा वेज हवा. सोबत ठेवायच्या 14 क्लबांची मर्यादा भरली असेल तर कुठला काढायचा, तेही मग सांगतो.