फुटावर दर लावून किचनचं बजेट होत नाही

‘मॉड्युलर किचनचं बजेट पाच मिनिटांत’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. वाचून सोडून दिला असता, पण आमच्या वहिनींनी त्यावरून आकडा काढला आणि कर्जाच्या अर्जात भरूनही टाकला. म्हणून हे उत्तर.

मेसेज थोडक्यात असा: ओट्याची लांबी फुटात मोजा, दराने गुणा, तोच अंतिम खर्च. वायरिंगला वेगळे पैसे ठेवू नका, एक्स्टेंशन बोर्ड पुरतो. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला) म्हणजे भुसा; घ्यायचाच तर हिरव्या गाभ्याचा घ्या, तो वॉटरप्रूफ असतो. टाइल्स लागण्याआधीच माप देऊन ऑर्डर सोडा. बिजागऱ्या, चॅनल (ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्या) सगळे सारखेच. आणि सगळे पैसे आधी भरले की घसघशीत सूट.

‘लांबी गुणिले दर’

त्या लांबीत काय बसवलंय यावर पैसे ठरतात. ६०० मिमी रुंद, ७२० मिमी उंच आणि ५६० मिमी खोल अशी ओट्याखालची एक साधी पेटी, म्हणजे कपाटाचा खोका, घ्या. दोन बाजू, तळ, वरच्या दोन पट्ट्या आणि पाठ मिळून साधारण १.६७ चौरस मीटर बोर्ड लागतो. आत एक फळी आणि समोर दोन शटर (दारं) लावली की आणखी पाऊण चौरस मीटर आणि चार बिजागऱ्या. आता त्याच पेटीत फळी काढून बोर्डाच्याच बाजू असलेले तीन ड्रॉवर घाला. १५० मिमी उंच आणि ५०० मिमी खोल अशा एका ड्रॉवरला दोन बाजू, पुढचा-मागचा तुकडा आणि तळ मिळून ०.५६ चौरस मीटर जातो. तिघांना पुन्हा १.६७. म्हणजे अख्ख्या पेटीला लागला तेवढाच बोर्ड नुसत्या ड्रॉवरांच्या पोटात गेला. शिवाय तीन जोड चॅनल, तेवढ्या कडांना एज बँडिंग (कड झाकणारी पट्टी) आणि जोडणीची जादा मजुरी. मेसेजच्या हिशोबात मात्र दोन्ही पेट्या ‘दोन फूट’ आणि दोन्हींची किंमत एकच. जमिनीपासून वरपर्यंतचं उंच कपाटसुद्धा दोन फूटच!

बरं, ती लांबी तरी कुठून मोजायची? ‘एल’ आकाराचा ६०० मिमी खोल ओटा, एक भिंत ३ मीटर, दुसरी २.४ मीटर. भिंतीलगत फीत धरली तर ५.४ मीटर. कोपरा एकदाच धरला तर ४.८. समोरच्या कडेने मोजलं तर ४.२. ओटा तोच, माप तीन. ज्याचा फुटाचा दर कमी, तो भिंतीलगत मोजणारा निघाला की स्वस्ताई तिथेच संपते.

एवढं कबूल करतो की अगदी पहिल्या दिवशी, आराखडाही नसताना, आपण खर्चाच्या कोणत्या पट्ट्यात आहोत हे चाचपायला फुटाचा दर चालतो. त्यापुढे नाही. कोटेशन पेटीवार मागा: पेटीचं माप, बोर्डाचा प्रकार आणि जाडी, शटरचं फिनिश, बिजागऱ्यांची संख्या, चॅनलचा प्रकार. ओट्याचा दगड, सिंक, कटआउट, कडांचं पॉलिश, स्कर्टिंग, बाजूचे दर्शनी पॅनल, भिंतीलगतच्या फिलर पट्ट्या, वाहतूक, जोडणी आणि जुना ओटा काढणं या सगळ्यांच्या ओळी वेगळ्या हव्यात. दगडाचा स्लॅब बहुधा अख्खा घ्यावा लागतो, आणि हॉबसाठी (ओट्यात बसवायच्या शेगडीसाठी) कापलेल्या तुकड्याचे पैसे सहसा वजा होत नाहीत. उलट कापण्याचे लागतात.

‘एक्स्टेंशन बोर्ड पुरतो’

हा मुद्दा लिहिणाऱ्याने निदान घरच्या किटलीच्या तळाशी लिहिलेले वॅट तरी वाचायचे होते. ३००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो. त्याच बोर्डावर २००० वॅटची किटली लावली की आणखी जवळपास ९. बोर्ड १० अँपिअरचा, प्रवाह २२ अँपिअरचा. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे ठरलेल्या मर्यादेच्या जवळपास पाचपट. ‘एमसीबी (जादा प्रवाह तोडणारा खटका) पडेल की’ हे उत्तर ठरलेलं असतं. तो एमसीबी भिंतीतल्या जाड वायरसाठी बसवलेला असतो. २० अँपिअरच्या एमसीबीला एका बोर्डातून १६-१७ अँपिअर वाहिले तर काहीच गैर वाटणार नाही. बोर्डाची बारीक वायर मात्र तापत राहील, तीही पेटीमागे, धुळीत, जिथे हवा नाही आणि कुणाची नजरही नाही.

ओव्हन, डिशवॉशर आणि इंडक्शन हॉब यांना डीबीपासून (घरातल्या मुख्य वितरण बोर्डापासून) स्वतंत्र लाइन हवी. ७००० वॅटचा हॉब एकटाच ३० अँपिअर मागतो. वायरची जाडी उपकरणाच्या पुस्तिकेवरून इलेक्ट्रिशियनने ठरवायची. ओव्हन किंवा डिशवॉशरचा सॉकेट त्याच्या बरोबर मागे घेऊ नका: प्लगच्या जाडीमुळे उपकरण पूर्ण आत जात नाही, आणि बंद करायचं तर सगळं बाहेर ओढावं लागतं. शेजारच्या पेटीत घ्या. चिमणीचा पाइप, साधारण १५० मिमी व्यासाचा, कमीत कमी वळणांनी कुठून बाहेर काढायचा तेही याच टप्प्यावर ठरवा. भिंत फोडणं, लाइन ओढणं आणि पुन्हा प्लास्टर हा खर्च किचनच्याच बजेटमध्ये आणि सर्वांत आधी धरायचा असतो.

‘हिरवा गाभा म्हणजे वॉटरप्रूफ’

हिरवा हा रंग आहे. कारखान्यात ओळखीसाठी मिसळलेला. तो पाणी अडवत नाही. पार्टिकल बोर्डासाठी ईएन ३१२ हे युरोपीय मानक आहे आणि त्यात पी१ ते पी७ असे सात प्रकार आहेत. पी२ कोरड्या जागेतल्या फर्निचरसाठी, पी३ दमट जागेसाठी पण भार न घेणारा, पी५ दमट जागेसाठी आणि भार घेणारा. या यादीत ‘वॉटरप्रूफ’ प्रकारच नाही. ‘दमट’चा अर्थही हवेतला ओलावा एवढाच, सिंकखाली साचलेलं पाणी त्यात बसत नाही. म्हणून विक्रेत्याला रंग विचारू नका, प्रकार विचारा आणि तो कोटेशनवर लिहून घ्या.

सगळ्याच पार्टिकल बोर्डाला भुसा म्हणणंही तितकंच आळशी. वरच्या कोरड्या कपाटांना चांगल्या कडांचा बोर्ड वर्षानुवर्षं टिकतो. सिंकखालच्या पेटीला मात्र मरीन प्लाय (पाण्यात जास्त टिकणारं प्लायवुड) घ्या. मेसेजची भीती तेवढ्यापुरती खरी. आणि प्लाय असो की बोर्ड, पाणी शिरतं ते उघड्या कडेतून: पाइपसाठी पाडलेलं भोक, जमिनीला टेकलेली खालची कड. त्या कडांना सिलिकॉन किंवा सीलर आणि पेटीखाली १०० ते १५० मिमीचे प्लास्टिकचे पाय, हा खर्च किरकोळ असतो आणि कोटेशनमधून नेमका तोच गळतो.

‘टाइल्सआधी माप द्या’

दोन भिंतींमध्ये मोकळी जागा २४०० मिमी. चार पेट्या ६०० च्या. कागदावर झकास. मग दोन्ही भिंतींना टाइल आणि मसाला मिळून १५-१५ मिमी चढतो, उरतात २३७०, आणि चौथी पेटी आत जात नाही. अंतिम माप टाइल्स आणि फरशी झाल्यावरच. तेही तळाशी, मध्ये आणि वर, कारण भिंती ओळंब्यात असतातच असं नाही. बजेटचे १० ते १५ टक्के राखीव ठेवायचे ते अशा गोष्टींसाठी.

‘बिजागऱ्या, चॅनल सारखेच’

कंपन्यांचे तक्ते पाहा: ९०० मिमीपर्यंतच्या शटरला साधारण दोन बिजागऱ्या, दोन मीटरच्या उंच शटरला चार. चॅनलवर किलोत भारक्षमता दिलेली असते. चमच्यांच्या ड्रॉवरचं चॅनल जड भांड्यांच्या ट्रॉलीला लावलं की ती ट्रॉली काही महिन्यांत पुढे झुकते.

‘सगळे पैसे आधी’

पूर्ण रक्कम हातात पडलेल्या माणसाला तुमचा फोन उचलायची घाई नसते. हप्ते टप्प्यांना बांधा: आराखडा मंजूर झाल्यावर, माल आल्यावर, जोडणी झाल्यावर, आणि निदान १० टक्के तपासणीनंतर. तपासणी म्हणजे सिंकचं भोक बंद करून तो काठोकाठ भरा, एकदम सोडा आणि खालच्या प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून बघा. ट्रॉल्यांमध्ये खरीच भांडी भरून त्या ओढा. सगळी शटर एकाच वेळी उघडा. कोपऱ्यातलं एक शेजारच्या ड्रॉवरच्या हँडलवर आपटतं का ते तेव्हाच कळतं. मग शेवटचा हप्ता द्या.