फ्रेंचमध्ये बी.ए. म्हणजे तीन वर्षं पाण्यात?

बारावीचे निकाल लागून जीकॅसचे, म्हणजे गुजरातच्या सामायिक कॉलेज-प्रवेश पोर्टलचे, फॉर्म भरायची घाई सुरू झाली की बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: "पालकांनो, सावध व्हा. एम.एस. विद्यापीठात फ्रेंच घेऊन बी.ए. करणं म्हणजे तीन वर्षं पाण्यात. शिकायचीच असेल तर खासगी क्लासमध्ये सहा महिन्यांत बी-२ होतं आणि कॅनडाची पीआर मिळते. आता तर मोबाईलच भाषांतर करून देतो. इंग्रजी कच्चं असलेल्या मराठी मुलांना फ्रेंच झेपत नाही. आफ्रिकेतले देशही फ्रेंच काढून टाकताहेत. कॉलेजात फ्रेंच घेतात ती मार्कांसाठी. आपल्या माणसांचं फ्रेंचशी काय देणंघेणं? आणि नोकरी तर शून्य." खाली हात जोडलेले इमोजी, आणि 'जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोहोचवा'.

मी याच शहरात फ्रेंच शिकले आणि आता शिकवते, तेव्हा माझा स्वार्थ आधीच सांगून ठेवते. मेसेजमधलं सगळंच खोटं नाही. म्हणून तर तो पचतो.

सहा महिन्यांपासून सुरुवात करू, कारण बाकी सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. भाषेची पातळी मोजायची युरोपीय पट्टी ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्यांची. त्यातल्या बी-२ पर्यंत जायला साधारण ५०० ते ६५० तासांचं शिक्षण लागतं, असा सर्वसाधारण अंदाज धरतात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं परदेशी पाठवायच्या आपल्या अधिकाऱ्यांना कामकाजापुरती फ्रेंच शिकवायला ३० आठवडे आणि सुमारे ७५० तास देतं. ती माणसं पगार घेऊन दिवसभर तेवढंच करत असतात, आणि त्यांची इंग्रजी आधीच फ्रेंचकडून घेतलेल्या शब्दांनी भरलेली असते. आता आपला क्लास. रोज दोन तास, आठवड्याचे पाच दिवस, पंचवीस आठवडे: झाले २५० तास. एवढ्यात मन लावून शिकणारी मुलगी ए-२ पार करते, फार तर बी-१ च्या वाटेला लागते. ते काही कमी नाही. पण ते बी-२ नव्हे, आणि फी भरताना हे कोणी सांगत नाही.

कॉलेजात आठवड्याला सहा तास फ्रेंच आणि वर्षाचे तीस आठवडे धरले तरी तीन वर्षांत ५४० तास होतात. नवरात्रातल्या पेंगा आणि युथ फेस्टिव्हलच्या दांड्या वजा करा, तरी क्लासच्या दुप्पट उरतात. विद्यापीठ पालकांना दाखवायला चकचकीत सर्टिफिकेट देत नाही, पण हे तास देतं, तेही खासगी क्लासच्या मानाने किरकोळ फीमध्ये. डेल्फची परीक्षा हवी तर वेगळी द्यायची. ती फ्रान्सच्या शिक्षण खात्याची पदविका आहे, आजन्म चालते, आणि तिला बसायला तुम्ही कुठे शिकलात हे कोणी विचारत नाही.

बी-२ च्या त्या परीक्षेत काय असतं, तेही जरा जवळून बघा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण. पास व्हायला शंभरात ५० हवेत, आणि कुठल्याही एका भागात ५ पेक्षा कमी पडले तर एकूण कितीही असोत, नापास. लिहिण्यात एका तासात किमान अडीचशे शब्दांचा मुद्देसूद मजकूर, म्हणजे नगरपालिकेला तक्रार किंवा एखाद्या निर्णयाविरुद्ध पत्र. बोलण्यात एक छोटा उतारा देतात, तयारीला अर्धा तास. मग परीक्षकांसमोर त्या विषयावर आपलं मत मांडायचं, आणि ते आडवे प्रश्न विचारतील तेव्हा त्यावर टिकून राहायचं. पाठ केलेली वाक्यं पहिल्या दोन मिनिटांत संपतात. पुढे कामाला येतो तो वर्गात चार जणांशी घातलेला वाद.

आता कॅनडा. त्यात तथ्य आहे. २०२३ पासून तिथल्या एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुणांवर पीआरसाठी माणसं निवडायच्या पद्धतीत, फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अशा एका फेरीचा कटऑफ ३३६ गुणांपर्यंत उतरला होता. तेव्हा सर्वसाधारण फेऱ्या पाचशेच्या वर होत्या. फरक मोठा आहे, म्हणून तर क्लासवाल्यांच्या बोर्डांवर मेपलची पानं उगवली आहेत. पण त्यासाठी चारही कौशल्यांत त्यांच्या मापाने सातवी पातळी लागते, म्हणजे ढोबळमानाने बी-२ च. शिवाय एक्स्प्रेस एन्ट्रीला डेल्फ चालतच नाही. तिथे टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा द्यावी लागते, आणि तिचा निकाल दोनच वर्षं धरतात. क्लासमध्ये डेल्फची तयारी करून, फी भरून, मग हे कळलेले पालक मी पाहिले आहेत. आणि पीआर एकट्या भाषेवर मिळत नाही. वय, शिक्षण, कामाचा अनुभव हे सगळं मोजतात. बारावी झालेल्या पोराला यातलं तूर्त काहीच लागू नाही. त्याला आधी पदवी हवी आणि नोकरीचा अनुभव हवा.

मोबाईल भाषांतर करतो हे खरंच आहे, आणि फ्रेंच-इंग्रजी तो विशेष चांगलं करतो. कॅनडाच्या संसदेचं कामकाज दोन्ही भाषांत छापलं जातं. आयबीएमच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी तेच लाखो वाक्यांचं घबाड यंत्राला पुरवून आकडेवारीवर चालणारं भाषांतर उभं केलं. त्यामुळे पानामागे पैसे घेऊन घरबसल्या करायची साधी भाषांतरं आता आटली आहेत, आणि ज्यांना त्यासाठीच बी.ए. करायचं आहे त्यांनी खरोखर करू नये. एवढा मुद्दा मेसेजला दिला. पण फोन समोर धरून कोणी इंटरव्ह्यू देत नाही, आणि यंत्राने भाषांतर केलेल्या करारावर सही करण्याआधी तो वाचणारं माणूस लागतंच.

'इंग्रजी कच्चं असलेल्या मराठी मुलांना झेपत नाही' या वाक्याचा मात्र मला राग येतो. अनुभव नेमका उलट आहे.

फ्रेंचमध्ये मुलं जिथे अडखळतात त्या जागा बघा. नामांना लिंग, विशेषणाने त्याप्रमाणे बदलायचं. इंग्रजी माध्यमातल्या पोरांना टेबल स्त्रीलिंगी का, हा प्रश्न वर्षभर छळतो. घरात 'चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पोर' ऐकत वाढलेल्याला त्यात नवल वाटत नाही; उलट आपल्याकडे तीन लिंगं, तिथे दोनच. भूतकाळात 'तो गेला', 'ती गेली' असं क्रियापद बदलतं, तसंच तिथेही जाण्या-येण्याच्या क्रियापदांचं होतं. एकवचनी माणसाला आदराने अनेकवचनी क्रियापद लावायचं, तेही आपल्या अंगवळणी पडलेलं.

आणि फ्रेंच व्याकरणातलं ते बदनाम प्रकरण, ज्यात खुद्द फ्रेंच माणसंही चुकतात: कर्म क्रियापदाच्या आधी आलं तर धातुसाधित कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना आपण 'लिहिलेला' म्हणत नाही, कारण चिठ्ठी स्त्रीलिंगी. फ्रेंचमध्येही चिठ्ठी स्त्रीलिंगी, म्हणून 'ला लेत्र क जे एक्रीत'. पुल्लिंगी शब्द असता तर शेवटचा त गेला असता, 'एक्री'. हा नियम इंग्रजीतून समजावताना माझा अर्धा फळा भरतो. मराठीत एका ओळीत होतो, आणि शेजारच्या बाकावरच्या गुजराती मुलालाही 'में चिठ्ठी लखी' म्हटलं की लगेच कळतो. एवढंच की आपली पोरं मग उत्साहात 'मी चिठ्ठी लिहिली' यातही जुळवून टाकतात. फ्रेंचमध्ये कर्म नंतर आलं की जुळवायचं नसतं. ही चूक महिन्याभरात सुटते. अनुनासिक स्वर आणि घशातला र मात्र सगळ्यांनाच सारखा छळतो, त्यात मराठी-गुजराती-इंग्रजी असा भेद नाही.

बऱ्याच ठिकाणी फ्रेंच इंग्रजीतून शिकवतात, पुस्तकांतल्या सूचना थेट फ्रेंचमध्ये असतात, हे खरं. पण ती अडचण शिकवणाऱ्याने सोडवायची आहे. मुलाला आधीच नापास ठरवून काय मिळतं?

आफ्रिकेची बातमी अर्धी खरी आहे. मालीने २०२३ च्या राज्यघटनेत फ्रेंचला राजभाषेवरून कामकाजाच्या भाषेवर आणलं, बुर्किना फासोने त्याच वाटेने पाऊल टाकलं, आणि नायजरसह हे दोन्ही देश २०२५ मध्ये फ्रेंचभाषक देशांच्या संघटनेतून बाहेर पडले. त्याच संघटनेच्या २०२२ च्या अंदाजानुसार जगात फ्रेंच बोलणारे ३२ कोटींच्या घरात, आणि त्यांतले निम्म्याहून बरेच जास्त आफ्रिकेत. किन्शासा, आबिजान, डाकार ही तिथली फ्रेंच बोलणारी मोठी शहरं काही रिकामी झालेली नाहीत. मादागास्करमधली जुनी गुजराती व्यापारी घराणी फ्रेंचमध्ये व्यवहार करतात, हे गुजरातेत राहणाऱ्यांना तरी सांगायला लागू नये.

मार्कांसाठी घेतात? शाळेत घेतात, होय. दहावीला संस्कृतसारखीच 'स्कोरिंग'. पदवीला फ्रेंच साहित्य, ध्वनिशास्त्र, भाषांतर असे पेपर असतात. मार्कांच्या आशेने आलेली मुलं पहिल्या सेमिस्टरमध्येच गळतात.

'आपल्या माणसांचं काय देणंघेणं' हा प्रश्न बडोद्यात बसून विचारावा, याची गंमत वाटते. ज्या बडोदा कॉलेजातून आजची आर्ट्स फॅकल्टी वाढली, तिथे अरविंद घोष नावाचे प्राध्यापक इंग्रजीबरोबर काही काळ फ्रेंचही शिकवत होते. १८९३ ते १९०६ ही त्यांची बडोद्यातली वर्षं. दांडिया बाजारातल्या अरविंद निवासावरून आपण रोज जातो. आणि मराठी कशी घडली यावरचा पायाभूत अभ्यास फ्रेंचमध्ये लिहिला गेला आहे. ज्यूल ब्लॉक यांचा तो प्रबंध १९२० च्या सुमारास पॅरिसला छापला गेला. मराठी वाचकाला तो मिळाला तो वासुदेव गोपाळ परांजपे यांनी मराठीत आणला म्हणून. तुकोबांचे अभंगही गी देल्यूरी यांनी फ्रेंचमध्ये नेले, १९५६ मध्ये ते पॅरिसला पुस्तकरूपाने निघाले. मराठीत एम.ए. करणाऱ्याने दोन वर्षं फ्रेंच केली तर त्याला वाचायला बरंच काही आहे.

राहता राहिली नोकरी. इथे मी कोणाला गोड बोलून फसवणार नाही. बडोद्यात राहून नुसत्या फ्रेंचवर घर चालेल अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच, आणि त्या बहुतेक शिकवण्याच्या. सीबीएसई आणि आंतरराष्ट्रीय बोर्डांच्या शाळा फ्रेंचचे शिक्षक घेतात, पण २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीनपैकी दोन भाषा भारतीय हव्यात असं आहे, तेव्हा शाळांतली फ्रेंच वाढेल अशी आशा धरू नका. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट, नेटमध्ये फ्रेंच हा विषय आहे.

बडोद्याजवळच्या सावली गावातल्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याचं उदाहरण दोन्ही बाजूंनी दिलं जातं. तो चालवणारा बम्बार्डियेचा रेल्वे विभाग २०२१ मध्ये फ्रेंच आल्स्टॉमकडे गेला, म्हणून क्लासवाले सांगतात की आता दारातच फ्रेंच कंपनी. तिथे माणसं घेतात ती इलेक्ट्रिकल, वेल्डिंग, डिझाइन येणारी. फ्रेंच येणं ही त्यावरची जादाची गोष्ट. एअरबसचं नाव तर त्याहून सैल वापरतात. टाटांबरोबर बडोद्यात बनणारं सी-२९५ हे विमान मूळ स्पेनमधल्या सेव्हियाचं, आणि २८ ऑक्टोबर २०२४ ला कारखान्याच्या उद्घाटनाला पंतप्रधानांबरोबर आले होते ते स्पेनचे पंतप्रधान. त्या विमानासाठी भाषाच शिकायची तर स्पॅनिश शिका.

खरं काम आहे ते पुण्या-बंगळुरूच्या बॅक ऑफिसांत. फ्रान्समधल्या पुरवठादारांची बिलं येतात. त्यावरचा टीव्हीए, म्हणजे त्यांचा जीएसटीसारखा कर, तपासायचा, कंपनीचा चौदा आकडी सिरेत, म्हणजे नोंदणी क्रमांक जुळवायचा, आणि बिल अडलं तर समोरच्या माणसाला फोन करून का अडलं ते फ्रेंचमध्ये समजवायचं. तिथे १,५०० किलो म्हणजे दीड किलो, कारण दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. ज्याला हे माहीत नाही तो पहिल्याच आठवड्यात घोळ घालतो. अशा जागांसाठी बी-२ मागतात, आणि सोबत अकाउंट्स किंवा एक्सेल नीट येत असेल तर आधी बोलावतात.

म्हणून प्रवेश घेणाऱ्या मुलांना मी सांगते ते एवढंच: फ्रेंच मेजर घेतलीत तर मायनरला कॉमर्स, अर्थशास्त्र, कॉम्प्युटर यांतलं जे मिळेल ते धरा, कॉमर्स किंवा इंजिनिअरिंगला असाल तर फ्रेंच बाजूने करा. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी डेल्फ बी-१ द्या, तिसऱ्याच्या शेवटी बी-२. आणि फॉर्म भरण्याआधी विभागात जाऊन विचारा: आठवड्याला फ्रेंचचे तास किती, बोलण्याचा सराव कोण घेतं, आणि वर्ग फ्रेंचमध्ये चालतो की इंग्रजीत. उत्तर इंग्रजीत चालतो असं आलं, तर बोलण्याचा सराव कुठून करणार हे आत्ताच ठरवून ठेवा.