तार कोठे शे?

मे महिन्यात दुपारी दोन वाजता अमळनेरात माणसानं काय करावं? काही करू नये. पारा ४५ला टेकलेला असतो, बोरी नदीच्या कोरड्या पात्रात क्रिकेट खेळणारी पोरंसुद्धा घरी पळालेली असतात, आणि गटाराच्या ओलीत पोट टेकून पडलेलं कुत्रं आपल्याकडे असं बघतं की त्याला हाड म्हणायची लाज वाटते. मी शाळेत इतिहास शिकवतो. सुट्टीत मला एकच काम असतं, पुढच्या वर्षी तोच इतिहास शिकवता यावा म्हणून विश्रांती घेणं.

या विश्रांतीवर पहिला घाला माझ्या मुलीनं घातला. ती पुण्याला शिकते. फोनवर म्हणाली, "पप्पा, चायनीज मालिका बघा. तलवारी, घोडे, जुना काळ. तुमचाच विषय." तिकडून तिनं काय बटणं दाबली कोण जाणे, आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर मालिका हजर झाली. एक भाग ४५ मिनिटांचा, बोलणं चिनी, खाली इंग्रजी अक्षरं. माझा बेत साधा होता. दार लोटायचं, पाय लांब करायचे, रोज एक भाग बघायचा आणि बघता बघता झोपायचं.

पण आमच्या घरात चालू स्थितीतला कूलर एकच, आणि तो हॉलमध्ये. म्हणजे उन्हाळ्यात आमचं पाच खोल्यांचं घर एका खोलीचं असतं.

पहिल्या भागाच्या पहिल्याच दृश्यात डोंगरावर बर्फ पडत होता. पांढरेशुभ्र कपडे घातलेला एक तरुण त्यात पाठमोरा उभा. बराच वेळ दुसरं काही घडत नाही, नुसता बर्फ. मायनं निवडायला घेतलेली तुरीची डाळ बाजूला सारली.

"बापू, हाई बरफ खरं शे का?"

"हो."

"कितलं गार वाटस!" असं म्हणून ती पलंगावरून उतरून टीव्हीच्या जवळ येऊन बसली, जणू आतून वारा येतोय. दहा मिनिटांनी तिनं खिडकीतून शेजारच्या मावशीला हाक मारली, "ये वं, आठे बरफ पडी राहिना." चौथ्या भागापर्यंत हॉलमध्ये सात माणसं, दोन उश्या आणि टरबुजाची एक परात होती.

आणि मी दुभाषी. इंग्रजी वाचणारा घरात मी एकटाच. खाली अक्षरं उमटली की मी ती वाचायची, मनात मराठी करायची आणि कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून सांगायची. एवढं होईस्तोवर पडद्यावर दोन मुडदे पडलेले असायचे. "हाऊ कोण मरना?" असं विचारलं की मी मागच्या वाक्यात असायचो. शिवाय काही गोष्टींना आपल्याकडे शब्द नाहीत. या वीरांकडे आतली एक शक्ती असते, श्वासातून साठवलेली, तिच्या जोरावर ते एका तळहातानं दगडी भिंत पाडतात. मी म्हटलं, "आतली पावर." माझे मोठे काका जिभाऊ, त्यांनी विचारलं, "कितला एचपी?" ही शक्ती बिघडली की वीर छातीला हात लावून तोंडातून रक्त काढतो. मायचं निदान, पित्त. उपाशीपोटी तलवार चालवतो, दुसरं काय होणार.

ही माणसं ज्या दुनियेत राहतात तिला तिकडे च्यांगहू म्हणतात. शब्दाचा अर्थ 'नद्या आणि सरोवरं'. राजाच्या कायद्याबाहेर भटकणाऱ्यांची, गुरुघराण्यांची आणि वैरांची दुनिया. हे मी मोठ्या हौसेनं सांगितलं. मावशीनं एवढंच विचारलं, नद्यांना मे महिन्यातही पाणी असतं का.

पात्रांची नावं कोणालाच लक्षात राहिनात, म्हणून घरानं आपली ठेवली. नायक झाला इस्त्रीवाला, कारण चिखलात लोळून उठला तरी त्याच्या कपड्याला डाग नाही. खलनायक भुवयावाला, कारण त्याच्या पांढऱ्या भुवया कानापर्यंत लोंबायच्या. आणि पुरुषाचा वेष करून हिंडणारी एक तरुणी होती, तिचं नाव जांभळी. इस्त्रीवाला तिच्याबरोबर चार भाग एकाच घोड्यावर फिरला, एकाच झाडाखाली झोपला, तरी त्याला पत्ता नाही. मायला पहिल्या झटक्यात कळलं. "तिना कान टोचेल शेतस! आंधया शे का हाऊ?" त्यानंतर इस्त्रीवाल्यानं कितीही माणसं लोळवली तरी मायच्या नजरेत तो काही वर आला नाही.

पण खरी परीक्षा झाली सहाव्या भागात.

डोंगराच्या पायथ्याशी दोन मजली लाकडी खानावळ. (अशा मालिकेत खानावळ दिसली की समजावं, ती मोडणार.) इस्त्रीवाला येतो, कोपऱ्यातलं टेबल धरतो, दोन सुरया दारू आणि मांस मागवतो, आणि न मोजता होडीच्या आकाराचा चांदीचा तुकडा टेबलावर फेकतो. इथे मावशी सावरून बसली. स्टँडजवळ तिची वीस वर्षं खानावळ होती. शेवभाजी, भाकरी, गुरुवारी डाळगंडोरी.

"कितली चांदी शे ती?"

मी सांगितलं की चांदी ते वजनावर मोजायचे, आणि एक ल्यांग म्हणजे साधारण ३७ ग्रॅम. मावशी जळगावची माहेरवाशीण. सराफ्याच्या गावची पोर तोळे डोक्यात मोजते. "तीन तोळ्यांच्या वर," ती म्हणाली. "आणि सुट्टे न घेता चालला? याचा बाप काय करतो?" मी म्हटलं, बाप पहिल्या भागातच मेला, त्याचाच तर सूड आहे. "मग बरोबर. वारसानं मिळालेलं असंच उडतं."

तेवढ्यात भुवयावाल्याची बारा माणसं आत घुसली. मारामारी सुरू झाली. एक जण टेबलावर, एक कठड्यावरून खाली, एक थेट भिंतीतून बाहेर. सगळे वर बघत होते. मावशी खाली बघत होती, खानावळवाल्याकडे. तो बिचारा गल्ल्यामागे दडला होता. "चार टेबलं गेली. माठ गेले. जिना गेला. तीन तोळ्यांत जिना होतो का रे?" वाद कशाचा, वैर कोणाचं, तिला काही देणंघेणं नव्हतं. मारामारी संपल्यावर इस्त्रीवाला रात्रीच्या अंधारात निघून गेला आणि दृश्य बदललं, तेव्हा मावशी खरोखर रागावली. "तेले इचारा ना कोणी, तुनं काय व्हयनं म्हनीसन!"

याच मारामारीत इस्त्रीवाला जमिनीवरून उठला तो तरंगत दुसऱ्या मजल्यावर. जिभाऊ पुढे सरकले. जिभाऊ म्हणजे ३४ वर्षं वायरमन. पोलवर चढणाऱ्या माणसाला आयुष्यभर दोनच गोष्टी दिसतात, डोक्यावरची तार आणि खाली उभा साहेब.

"तार कोठे शे?"

मी समजावलं की क्रेनला बारीक तारा लावून नटांना उचलतात आणि मागाहून संगणकावर त्या तारा पुसून टाकतात.

"पुसी टाकतस?"

जिभाऊ बराच वेळ गप्प राहिले. लग्नसराईत मांडवावाल्यांनी वीजचोरीसाठी तारेवर टाकलेले आकडे काढण्यात ज्यांची सारी नोकरी सरली, त्यांना तार अशी पुसता येते हे ऐकून काय वाटलं असेल ते त्यांनाच ठाऊक. त्यानंतर त्यांनी गोष्ट सोडली आणि तार धरली. इस्त्रीवाला उडाला की चष्मा कपाळावर सारून ते पडद्याला नाक लावायचे आणि बाकीच्यांना त्यांची पाठ दिसायची. "कमरेला दोन्ही बाजूंनी बांधलाय. वजन उजवीकडे जातंय बघा. लावणारा नवशिका आहे."

समोरचे आबा दर वर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जातात. घोडा घेतलेला अजून कोणी पाहिला नाही, पण नावं ठेवण्यात त्यांचा हात धरणारा तापीच्या दोन्ही काठांवर नाही. ते डुलक्या घेत होते. नायक घोड्यावरून पळाला तसे जागे झाले. "थांबव! मागे घे!" मी मागे घेतलं. "जाताना पंचकल्याणी होता. चारी पाय पांढरे, कपाळ पांढरं. पुलावर बघ." बघितलं. पुलावरच्या घोड्याचे दोनच पाय पांढरे. आबांनी चौघांकडे विजयी नजर टाकली आणि परत झोपले. मी मात्र तेव्हापासून माणसांच्या तोंडाकडे बघायचं सोडून घोड्यांचे पाय मोजतो.

राहता राहिले पैलवान काका. तरुणपणी यात्रांच्या दंगलींत त्यांनी नारळापासून चांदीच्या कड्यापर्यंत सगळं मारलेलं. आता गुडघे गेलेत, पण मत शाबूत आहे. त्यांची तक्रार जोडीबद्दल होती. "एकाला बारा सोडतात, आणि तेही एकेक करून येतात. बाकीचे अकरा काय हारतुरे धरून उभेत? आणि पंच कुठंय?"

मध्येच भुवयावाल्याचा निरोप्या पत्र घेऊन आला, येत्या पौर्णिमेला येऊन तुझा जीव घेतो. सगळे हसले. कोणी असं सांगून मारायला येतं का? इथे मला माझा तास घेता आला. म्हटलं, हसू नका. सातव्या शतकात, पुलकेशी दुसऱ्याच्या राज्यात, ह्युएन त्संग नावाचा चिनी भिक्षू आपल्याकडे येऊन गेला. त्यानं इथल्या लोकांबद्दल हेच लिहून ठेवलंय. उपकार विसरत नाहीत, अपमान झाला तर जिवावर उदार होऊन सूड घेतात, पण सूड घ्यायच्या आधी शत्रूला तसं कळवतात. हॉलमध्ये शांतता पसरली. मला वाटलं, इतिहास भिडला. जिभाऊ मान डोलवत म्हणाले, "बराबर शे. बांधना वादमा चुलतभाऊनी आधी वकीलनी नोटीसच धाडी व्हती."

भागाच्या शेवटी भुवयावाला कड्यावर इस्त्रीवाल्यासमोर आला आणि त्यानं दोन बोटं जोडून त्याच्या खांद्याखाली टेकवली. इस्त्रीवाला होता तसा गोठला. एक हात वर, एक पाय वाकलेला, डोळे तेवढे फिरतात. चिनी वैद्यकात सुया टोचायच्या ज्या जागा असतात, त्याच या कथांमधले वीर बोटानं बंद करतात. काही वेळानं त्या आपोआप सुटतात, किंवा दुसरा कोणी जाणकार सोडवतो. मी हसत म्हटलं, "हे अर्थात सगळं गोष्टीतलं. बोट लावून कोणी गोठत नसतं."

पैलवान काकांना लागलं. "मास्तर, नस काय असते ते तुम्हाला पुस्तकात नाही सापडायचं."

"काका, शास्त्रात..."

तेवढ्यात पडद्यावर इस्त्रीवाला गोठलेलाच राहिला आणि अक्षरं सरकू लागली. भाग संपला. "आठेच काबरं थांबाडस?" मायनं मलाच झापलं. मी म्हटलं, या धंद्याची रीतच ती. हाँगकाँगचे जिन योंग १९५५ पासून वर्तमानपत्रात अशाच कथा रोज थोड्या थोड्या छापायचे. वाचकानं उद्याही पेपर घ्यावा, म्हणून आजचा तुकडा अडलेल्या जागी सोडायचा. बरं, ही चाळीस भागांत तरी संपते. तिकडच्या सरकारी खात्यानं २०२० साली सांगितलं होतं, मालिका चाळिसाच्या आत आवरा. सून-सासूच्या एका मालिकेला सात वर्षं दिलेल्या मायला हे पटलं नाही. चाळीस भागांत तर आपल्याकडे सूनबाई उंबरठाही ओलांडत नाही. "लाव पुढला," ती म्हणाली.

पुढला लावला आणि लाईट गेली.

कूलर घरघरत घरघरत थांबला. ती शांतता ज्यानं मेमध्ये ऐकली आहे त्यालाच कळेल. निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेले जिभाऊ सवयीनं उठून डीपी बघायला बाहेर गेले. आबा उठून बसले. माय म्हणाली, "बापू, लाईट नही तवलोंग कूलरमा पानी टाकी दे." रास्त होतं. एरवी त्या कूलरला ओल्या हातानं शिवलं की तो झिणझिण्या देतो.

मी दोन बादल्या भरून आणल्या. पहिली रिकामी केली. दुसरी उचलायला वाकलो, डावा हात कूलरवर टेकला, उजवा पाय जरा पुढे घेतला, आणि कमरेच्या खाली कुठेतरी, बरोबर दोन बोटं मावतील एवढ्या जागेत, काहीतरी कट्‌ झालं.

उसण भरली.

मला वर होता येईना, खाली होता येईना. एक हात वर, एक पाय वाकलेला, डोळे तेवढे फिरत होते. ओरडायला गेलो तर श्वास अर्ध्यात अडकला. त्याच क्षणी लाईट आली, पंखा फिरला, टीव्ही उजळला, आणि सातव्या भागात कड्यावर इस्त्रीवाला माझ्यासारखाच उभा दिसला. सगळ्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"तुले काय व्हयनं रे?" माय.

"नस," पैलवान काका समाधानानं म्हणाले आणि भिंतीला टेकले.

"आता हा किती भागांत सुटतो?" आबांनी विचारलं.

मावशीची नजर माझ्या पायाशी कलंडलेल्या बादलीवर होती. पाणी सतरंजीपर्यंत गेलं होतं. "हाई कोण भरी देई?" तिनं विचारलं.

शेवटी मायनं उपाय काढला. उसण भरली तर पायाळू माणसाची लाथ लागावी लागते. जन्मताना पाय आधी आलेलं माणूस, त्याचा पाय पाठीला लागला की उसण सुटते. गल्लीत पायाळू कोण? अख्ख्या अमळनेरात शोधायची गरज नव्हती. मावशी पदर खोचून उठली. वीस वर्षं खानावळीत उभं राहून कमावलेला पाय होता तो.

माय उशी घेऊन समोर बसली. आबांनी टरबुजाची परात जवळ ओढली. कोणीतरी रिमोटनं टीव्हीचा आवाज बंद केला, हा मान इस्त्रीवाल्याला सहा भागांत मिळाला नव्हता. मावशीनं दोन पावलं मागे घेतली.

जिभाऊ डीपीवरून परत आले ते दारातच थांबले. मी असा अधांतरी, ओणवा, एक हात वर. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, माझ्या डोक्यावरच्या छताकडे निरखून बघितलं आणि म्हणाले,

"तार काही दिखत नही."